स्वच्छ कोडचा वाचक कोण?

प्रोग्रामर लोकांच्या टेबलावर एखादं पुस्तक फार काळ टिकत नाही. भाषा बदलते, फ्रेमवर्क बदलतं आणि कालचा जाडजूड ग्रंथ मॉनिटर उंच करायच्या कामी येतो. रॉबर्ट सी. मार्टिन यांचं 'क्लीन कोड' याला अपवाद आहे. २००८ साली आलेलं हे पुस्तक अजूनही भांडणात आहे. त्याची बाजू घेणारे आहेत, त्याच्यावर चिडणारे आहेत आणि ते न वाचताच त्याचे नियम कोड रिव्ह्यूमध्ये दुसऱ्याच्या अंगावर टाकणारे तर सगळ्यात जास्त आहेत.

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा नोकरी लागल्यावर, नियम पाठ करण्यासाठी. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, कथा-कादंबरी वाचतो तसं, म्हणजे हा लेखक कोणाशी बोलतोय हे बघत. या लेखात त्या दुसऱ्या वाचनाबद्दल बोलायचं आहे. कारण 'फंक्शन किती ओळींचं असावं' आणि 'फ्रंटएंड हे खरं इंजिनिअरिंग आहे का' ही आमच्या धंद्यातली दोन जुनी भांडणं मुळात एकाच प्रश्नाची आहेत असं मला वाटतं. प्रश्न असा, की कोड वाचतो कोण?

आधी या पुस्तकाचं श्रेय देऊ. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला कोड लिहायला शिकवलं, वाचायला कोणीच शिकवलं नाही. जर्नलमध्ये प्रोग्राम हाताने उतरवायचा, खाली आउटपुट लिहायचं, सरांची सही घ्यायची, संपलं. तो प्रोग्राम सरांनी वाचला का, हा प्रश्नच नव्हता. 'क्लीन कोड' पहिल्याच प्रकरणात सांगतं, की तुम्ही लेखक आहात आणि लेखकाला वाचक असतो. नवा कोड लिहिताना जुना वाचण्यात जाणारा वेळ लिहिण्याच्या दसपट तरी असतो, असा मार्टिन यांचा दावा आहे. आकडा सोडा, अनुभव खरा आहे. त्याच प्रकरणात त्यांनी काही नामवंत प्रोग्रामरना विचारलंय, की स्वच्छ कोड म्हणजे काय. त्यात ग्रेडी बूच यांचं उत्तर साधारण असं आहे, की तो चांगल्या गद्यासारखा वाचता येतो.

इथून पुढे पुस्तक नियमांकडे वळतं. नावं अर्थ सांगणारी हवीत. फंक्शन छोटं हवं, मग त्याहून छोटं. आणि कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप, शक्यतो नकोच. कोड स्वतः बोलू शकला नाही म्हणून कॉमेंट लागली, म्हणजे ते आपलं अपयश, अशी मार्टिन यांची भूमिका आहे.

ही भूमिका त्यांच्याच एका उदाहरणावर तपासून बघू. दहाव्या प्रकरणात ते डोनाल्ड कनूथ यांचा एक प्रोग्राम घेतात. काम साधं आहे : पहिल्या १००० मूळ संख्या छापायच्या. हा प्रोग्राम कनूथ यांच्या 'लिटरेट प्रोग्रामिंग' या १९८४च्या निबंधातला. त्या निबंधाची कल्पनाच अशी होती, की प्रोग्राम हा माणसाला समजावून सांगितलेला निबंध असावा आणि यंत्रासाठीचा कोड त्या निबंधातूनच काढावा. त्यासाठी कनूथ यांनी दोन साधनं केली होती. 'वीव्ह' हे साधन निबंध विणून माणसासाठी छापायचं. 'टँगल' हे साधन स्पष्टीकरण गाळून यंत्रासाठी कोड बाहेर काढायचं. टँगल म्हणजे गुंता. कनूथ यांनी नावातच सांगून ठेवलं होतं, की हे माणसाने वाचायचं नाही.

मार्टिन यांनी जावामध्ये उतरवला आणि पसारा म्हणून दाखवला तो हा गुंता. इथे त्यांचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा : हे कनूथ यांनी लिहिलेलं मूळ रूप नाही, साधनातून बाहेर पडलेलं आहे, असं ते स्वतःच सांगतात. पण सांगून पुढे जातात. मग त्या एका मोठ्या फंक्शनचे तीन क्लास होतात, नावं लांब आणि अर्थपूर्ण होतात आणि एका पानाहून थोडा मोठा असलेला प्रोग्राम जवळपास तीन पानांचा होतो. यात एक गोष्ट परत येत नाही : कनूथ यांचं गद्य. मूळ संख्या शोधायला हीच युक्ती का, हा ॲरे इथे कशासाठी, हे सांगणारी वाक्यं. नावं कितीही चांगली ठेवा, नाव 'काय' सांगतं. 'का' सांगायला वाक्य लागतं. गद्यासारखा कोड हवा म्हणणाऱ्या पुस्तकाने कोडभोवतीचं खरंखुरं गद्य मात्र उचलून आणलं नाही, ही मला या पुस्तकातली सगळ्यात बोलकी जागा वाटते.

या जागेवर बोट ठेवणारे मी पहिला नाही. 'अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन' हे २०१८चं पुस्तक लिहिणारे स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन औस्टरहाउट यांनी कॉमेंटची बाजू जोरात मांडली आहे. उगाच तुकडे केलेली छोटी फंक्शनं वाचकाला इकडून तिकडे पळवतात, असंही त्यांचं म्हणणं आहे. पुढे या दोघांनी एकमेकांशी लांबलचक लेखी वाद घातला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. फंक्शनची लांबी, कॉमेंट आणि आधी टेस्ट लिहायची पद्धत, हे त्यातले तीन विषय. सभ्य, मुद्द्याला धरून आणि एकमेकांचा कोड समोर ठेवून घातलेला असा वाद आमच्याकडे दुर्मीळ आहे. माझं मत बहुतेक ठिकाणी औस्टरहाउट यांच्या बाजूने पडतं.

पण दोघांचं वाचून झाल्यावर जाणवतं, की त्यांचा वाचक एकच आहे : पुढचा प्रोग्रामर. सहा महिन्यांनी तो कोड उघडणारा सहकारी. त्याला कमी त्रास कसा होईल, एवढ्यावरच सगळा वाद. कोड चालल्यावर पडद्यावर जे उमटतं ते वाचणारा माणूस या वादाच्या खोलीत कुठेच नाही.

आता दुसऱ्या भांडणाकडे येऊ. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या फोनवर जे दिसतं, दाबता येतं, सरकतं ते फ्रंटएंड. दूरच्या सर्व्हरवर हिशेब ठेवणारं, नियम तपासणारं, डेटा साठवणारं ते बॅकएंड. ऑफिसात यांच्यात एक न बोललेली उतरंड असते. बॅकएंडवाले 'सिस्टिम' बांधतात, फ्रंटएंडवाले 'स्क्रीन' करतात. 'बटण जरा डावीकडे घे' हे वाक्य ऐकलं नाही असा फ्रंटएंडवाला मला भेटायचाय.

'स्वच्छता' हे या उतरंडीचं एक हत्यार आहे. २०१३मध्ये फेसबुकने रिॲक्ट खुलं केलं, तेव्हा त्यातला जेएसएक्स हा प्रकार, म्हणजे जावास्क्रिप्टच्या आतच एचटीएमएलसारखं लिहिणं, बघून अनेकांनी नाक मुरडलं. दिसणं वेगळं आणि वागणं वेगळं ठेवायचं, हा इतक्या वर्षांचा धडा मोडला म्हणून. त्याच वर्षी रिॲक्टच्या टीममधल्या पीट हंट यांनी एका भाषणात याला उत्तर दिलं. तुम्ही कामं वेगळी केली नव्हती, फक्त तंत्रं वेगळी केली होती, असा त्यांचा मुद्दा होता. एक बटण, त्याचं दिसणं आणि दाबल्यावर होणारं काम हे मिळून एकच काम आहे. म्हणजे एका घरात जी अस्वच्छता, ती दुसऱ्या घरात शिस्त ठरली. कारण त्या घरात विचार पडद्यावरच्या वस्तूपासून सुरू होत होता.

एक छोटं, काल्पनिक पण रोज घडू शकेल असं उदाहरण घेऊ. एका ॲपमध्ये अर्जाची स्थिती सांगणारं कार्ड आहे. कार्डावर जागा कमी, म्हणून एक फंक्शन लिहिलंय : मजकूर २४ अक्षरांपेक्षा लांब असेल, तर पहिली २४ ठेवायची आणि पुढे तीन टिंबं द्यायची. दोन ओळींचं फंक्शन. नाव स्पष्ट, एकच काम करणारं, टेस्ट हिरव्या. 'क्लीन कोड'च्या कुठल्याही नियमात ते नापास होणार नाही.

अर्ज नामंजूर झालाय. इंग्रजी वाक्य 'युअर ॲप्लिकेशन वॉज नॉट अप्रूव्ह्ड'. रोमन लिपीत २४ अक्षरं मोजली, तर 'नॉट' बरोबर आत बसतो. पुढचं कापलं गेलं तरी वाचणाऱ्याला काय ते कळतं. आता मराठी वाक्य घ्या : 'तुमचा अर्ज मंजूर झालेला नाही'. त्याच फंक्शनमधून बाहेर काय येतं? 'तुमचा अर्ज मंजूर झालेला …'

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. फंक्शनने नेमका तो कापला.

यात आणखी एक गंमत आहे, जिचं हसू येत नाही. तुम्ही-आम्ही हे वाक्य मोजलं तर अक्षरं भरतात १३, मधल्या चार मोकळ्या जागा धरून १७. म्हणजे २४च्या आत. कापायची गरजच नव्हती. पण जावास्क्रिप्ट काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह हे सगळं वेगवेगळं मोजतं, म्हणून तिच्या हिशेबात हे वाक्य २८चं होतं. नुसता 'र्ज' घ्या : आपल्याला एक अक्षर, तिला तीन. मोजणीवर उपाय आहे. नव्या ब्राउझरमध्ये माणसाच्या नजरेच्या जवळ जाणारे तुकडे पाडून देणारी 'इंटल सेगमेंटर' नावाची सोय आहे. पण जरा लांब वाक्यात 'नाही' पुन्हा कापला जाईलच. त्याला लायब्ररी नाही. त्यासाठी वाक्य कुठे संपतं हे माहीत असणारा माणूस लागतो.

हा बग कोणाचा? बॅकएंडवाला म्हणेल, मी पूर्ण वाक्य पाठवलं होतं. फ्रंटएंडवाला म्हणेल, डिझाइनमध्ये एवढीच जागा होती. भाषांतर करणारी म्हणेल, वाक्य कापणार आहात हे मला कोणी सांगितलं? प्रत्येकाचा कोड, प्रत्येकाचं काम आपापल्या जागी स्वच्छ आहे. आणि ज्याचा अर्ज आहे तो माणूस मंजूर झाला समजून पुढच्या कागदपत्रांसाठी रजा टाकतोय.

यावर 'क्लीन कोड'चा चाहता म्हणेल, की हे त्या पुस्तकाचं कामच नाही, ते कोडच्या आतल्या घडणीबद्दल आहे. म्हणणं रास्त आहे. उलट त्या घडणीचा इथे फायदाच झाला : कापाकापी एका नावाच्या एका फंक्शनमध्ये असल्यामुळे दुरुस्ती एका जागी होते. पसरट कोडमध्ये तीच कात्री चाळीस ठिकाणी सापडली असती. हा फायदा मी कमी लेखत नाही.

पण पुस्तकाचाच एक नियम उलटा लावून बघू. नावाने खरं सांगावं, वाचकाला फसवू नये, असं दुसरं प्रकरण बजावतं. आपल्या फंक्शनचं नाव समजा 'संदेश छोटा करा' असं आहे. इंग्रजीत ते खरं सांगतं. मराठीत ते संदेश छोटा करत नाही, बदलतं. म्हणजे नाव खोटं आहे, आणि हे खोटं कोड वाचून सापडत नाही, पडदा वाचूनच सापडतं. वाचक कोण हे ठरवल्याशिवाय पुस्तकाचा स्वतःचा नियमसुद्धा पाळता येत नाही.

म्हणून मला ही दोन भांडणं एकच वाटतात. फ्रंटएंडला कमी लेखलं जातं, कारण त्याचा वाचक प्रोग्रामर नसतो. तो रिव्ह्यूमध्ये कॉमेंट टाकत नाही, परिषदेत भाषण देत नाही, पुस्तक लिहीत नाही. तो फक्त स्क्रीन वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो.

'क्लीन कोड' वाचा, नक्की वाचा. नावांचं दुसरं प्रकरण आजही उत्तम आहे, आणि दहावं कनूथ यांचा निबंध शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. वाचून झाल्यावर मात्र एक काम करा. तुम्ही बनवत असलेलं ॲप मराठीत लावा, फोनच्या सेटिंगमध्ये फाँट सगळ्यात मोठा करा, आणि प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत दिसतंय का ते बघा. हेही कोड रिव्ह्यूच आहे.