‘पेपर पाठवा, तीन दिवसांत छापू’ : पैसे भरण्याआधी थोडं बोलू



रिसर्चच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुम्ही असाल तर हा मेसेज ओळखीचा असेल. ‘सोशल वर्क, पब्लिक हेल्थसह सर्व विषयांसाठी पेपर मागवत आहोत. तीन दिवसांत प्रकाशन. शुल्क फक्त १,८०० रुपये. प्रमाणपत्र मोफत.’ खाली कुणीतरी हात जोडल्याची खूण टाकतं, कुणी ‘थँक यू सर’ लिहितं. संधीच्या नावाखाली फिरणाऱ्या या गोष्टीवर आज मला टीका करायची आहे. पण सुरुवात माझ्यापासून करते, कारण ते १,८०० रुपये मीही भरले आहेत.

पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. प्रगती अहवालाची तारीख जवळ आली होती आणि ‘प्रकाशने’ या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. माझ्याकडे १४ आशाताईंच्या मुलाखती होत्या. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासण्याचं त्यांचं काम, त्यातल्या अडचणी, उशिरा मिळणारा मोबदला, असं सगळं. घाईघाईत लिहिलं आणि पाठवलं. चौथ्या दिवशी पेपर छापून आला. परीक्षकाचा एक शेरा नाही, एक प्रश्न नाही. माझी टायपिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी!

पुढे पाच-सहा महिन्यांनी त्याच आरोग्य केंद्रात गेले. एका आशाताईंनी विचारलं, “मॅडम, आमचं ते छापून आलं का? कुठं वाचायला मिळंल?” मी मोबाईल काढला, लिंक उघडली. ती साइट बंद होती. “येईल ताई,” असं काहीतरी बोलून मी विषय बदलला. खोटं बोलले, हे मला तेव्हाच कळलं होतं.

याहून मोठा फटका नंतर बसला. तोच मजकूर नीट मांडून मी एका चांगल्या जर्नलकडे पाठवायला घेतला. अर्जातच विचारलं होतं : हे काम आधी कुठे प्रसिद्ध झालंय का? मी खरं लिहिलं. लेख परत आला. म्हणजे १,८०० रुपयांत मी पेपर विकत घेतला नव्हता, १४ बायकांचं म्हणणं एका बंद साइटमध्ये पुरलं होतं.

यादीने आपल्याला आळशी केलं

हे एकट्या विद्यार्थ्याच्या लोभामुळे होतं असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. थोडा इतिहास बघा. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी किमान एक पेपर आणि परिषदांमधली दोन सादरीकरणं सक्तीची होती. हजारो विद्यार्थ्यांना ठरलेल्या मुदतीत पेपर हवा असेल तर तो विकणारी दुकानं निघणारच. मग यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावं शिरली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातला नमुना तपासला आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून ४,००० हून जास्त नावं काढून टाकली. पुढे ‘केअर’ यादी आली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता विद्यापीठांनी आणि संशोधकांनी स्वतः पारखायचं, निकष फक्त सुचवलेले आहेत.

मधल्या काळात २०२२ च्या नियमांनी पेपरची सक्तीही काढली. तरी अनेक विद्यापीठांनी ती स्वतःच्या नियमांत ठेवली आहे, त्यामुळे तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक आधी वाचा. ज्याची गरज नाही त्यासाठी पैसे भरणारे मित्र मी पाहिलेत.

केअर यादी गेल्यावर आमच्या ग्रुपमध्ये एकच प्रश्न होता : “आता चेक कुठे करायचं?” या प्रश्नातच खरा दोष दिसतो. आपण जर्नल कधी वाचत नव्हतो, फक्त यादीत आहे का ते बघत होतो. आपलं वाचन यादीवर सोपवलं होतं.

दुसरं टोकही तपासा

काही मार्गदर्शक उलट सांगतात : नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय जर्नलशिवाय छापूच नका. सल्ला ऐकायला भारी वाटतो, पण त्याचा हिशोब करून बघा. सार्वजनिक आरोग्यातली अनेक मोठी मुक्त जर्नलं एका लेखाचे २,००० डॉलरच्या वर घेतात, म्हणजे दीड लाख रुपयांहून जास्त. गरीब देशांतल्या लेखकांना मिळणारी आपोआप माफी बहुतेक ठिकाणी भारताला लागू होत नाही, कारण आपली एकूण अर्थव्यवस्था मोठी धरली जाते. विनंती करून सवलत मिळू शकते, पण तो हक्क नाही.

आता तुमच्याकडे काय असतं? यूजीसीची जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. त्यात समाजशास्त्रीय विषयांसाठी आकस्मिक खर्चाला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये. आयसीएसएसआरची पीएचडी फेलोशिप महिना २०,००० आणि आकस्मिक खर्च वर्षाला २०,०००. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांना महिना ८,०००. राज्य विद्यापीठातल्या, कुठलीच फेलोशिप नसलेल्या विद्यार्थ्याला शून्य.

वर्षाला १०,००० रुपयांत संशोधन करा, असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लायब्ररीत बसलेला विद्यार्थी असतो. आपलं काम पाड्यावर, वस्तीत, उपकेंद्रात असतं. एसटीचं भाडं, मुक्काम, मुलाखती टंकून घेण्याचा खर्च, भाषा वेगळी असेल तर दुभाष्या. यातलं निम्मंही त्या रकमेत बसत नाही. मग आपण काय कापतो? फील्डवरचे दिवस. ३० मुलाखतींच्या १४ होतात. आणि उरलेले पैसे जातात ‘प्रकाशनाच्या संधी’ला. माझी तक्रार नेमकी इथे आहे. पैसा आधीच कमी, आणि जो आहे तो माणसांकडे जाण्याऐवजी प्रमाणपत्राकडे जातो.

चांगलं प्रकाशन कसं दिसतं?

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. अभय आणि राणी बंग यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास मांडला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. बायकांच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजनापुरता करणाऱ्या जगाला हे ऐकावं लागलं. १९९९ मध्ये त्यांचा घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्येच आला, ३९ गावांत काम आणि तुलनेसाठी ४७ गावं. पुढे २०११ मध्ये हीच कल्पना देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाली. माझ्या १४ आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ते त्यातूनच.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं प्रकाशन. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मराठीत आला. त्याने पेपरांत आणि सरकारात खळबळ माजवली. तज्ज्ञांसाठी एक लिखाण, ज्यांची मुलं गेली त्यांच्या भाषेत दुसरं. दोन्ही ठिकाणी वाचणारा माणूस आधी ठरलेला होता.

तुम्ही म्हणाल, “आम्ही काय बंग आहोत का?” नाही, मीही नाही. पण ‘हे कुणी वाचावं?’ हा प्रश्न विचारायला लॅन्सेट लागत नाही.

मग करायचं काय?

१. पाठवण्याआधी त्या जर्नलचे तीन लेख पूर्ण वाचा. तुमच्या लेखाला एकही संदर्भ तिथून मिळत नसेल तर तुमचा वाचक तिथे नाही.

२. आयएसएसएन म्हणजे दर्जा नव्हे, तो फक्त नोंदणी क्रमांक आहे. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ असा दावा दिसला की तो क्लॅरिव्हेटच्या नोंदीत आहे का ते बघा. मुक्त जर्नल असेल तर डीओएजेमध्ये शोधा. खऱ्या जर्नलच्या नावाने खोटी साइटही असते, म्हणून लिंक मेसेजमधून उघडू नका.

३. पैसे न घेणारी जागा आधी बघा. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ लेखकाकडून शुल्क घेत नाहीत. टिसचं ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ १९४० पासून आहे. आपल्या विषयाचं घरच ते, निदान चाळा तरी. वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक जर्नलांतही छापायला पैसे पडत नाहीत. तिथे वेळ लागेल, नकारही येईल. पण नकारासोबत येणारे शेरे फुकटची शिकवणी असतात.

४. नीतिसमितीची मान्यता मुलाखती सुरू करण्याआधी घ्या. आरोग्याची जर्नलं ती मागतातच आणि मागच्या तारखेने ती मिळत नाही. सोशल वर्कच्या कित्येक विभागांत अशी समितीच नसते. तुमच्याकडे नसेल तर प्रवेशाच्या वेळीच मार्गदर्शकांना विचारा, दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येईल का.

५. फेलोशिपचा अर्ज लिहिताना फील्डचा खर्च ओळीओळीने मांडा : किती फेऱ्या, किती मुक्काम. मंजूर होईल न होईल, पण तुमचा आराखडा खरा होतो. रकमा आणि अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण माना.

६. प्रत्येक पेपरसोबत दोन पानांचं मराठी टिपण करा आणि मुलाखत दिलेल्यांच्या हातात द्या. प्रगती अहवालात त्यासाठी रकाना नाही. तरी करा.

मी हे सहावं काम गेल्या महिन्यात केलं. नव्याने फील्डला गेले, आणखी मुलाखती घेतल्या. पहिल्या पेपरबद्दल आशाताईंना खरं काय झालं ते सांगितलं आणि टिपण दिलं. ज्या ताईंनी विचारलं होतं त्यांनी उभ्याउभ्याच वाचून काढलं आणि म्हणाल्या, “दुसऱ्या पानावर मोबदल्याचं चुकीचं लिहिलंय, ते आधी नीट करा.” दोन वर्षांत मला मिळालेला हा पहिला परीक्षकाचा शेरा. दुरुस्ती केली आहे. पेपर अजून छापून यायचा आहे.

तुमच्या ग्रुपवर आज आलेला मेसेज पुन्हा उघडा, आणि पैसे भरण्याआधी त्या जर्नलचे तीन लेख वाचून बघा. सापडले तर.