बालेवाडीतली ठरलेली कुस्ती

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "या वर्षी एखाद्या नाटकावर किंवा सिनेमावर लिही, पण जड नको." मी लिहितो आहे एका केव्हाच संपलेल्या टीव्ही कार्यक्रमावर, तोही हिंदी, आणि तोही ठरवून केलेल्या कुस्त्यांचा. मंडळी, लगेच पान उलटू नका. हा कार्यक्रम आपल्या पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाला होता, आणि त्याच्यामुळे आमच्या घरातली एक जुनी गोष्ट बाहेर आली.

‘रिंग का किंग’ हे त्याचं नाव. टीएनए ही अमेरिकेतली कुस्ती कंपनी आणि एंडेमॉल इंडिया यांनी मिळून तो काढला. डिसेंबर २०११ मध्ये चित्रीकरण झालं, २८ जानेवारी २०१२ ला कलर्सवर पहिला भाग लागला, आणि एप्रिलमध्ये सव्वीस भागांनंतर खेळ खल्लास. जाहिरातीला हरभजनसिंग होता. मागचा मेंदू जेफ जॅरेटचा, ज्याने २००२ मध्ये टीएनए सुरू केली. डब्ल्यूडब्ल्यूईच्या मानाने दुकान लहान, पण माल ओळखीचा: स्कॉट स्टायनर, मुखवट्यातला अबिस, जवळजवळ सात फुटी मॅट मॉर्गन, चावो गरेरो. ज्यांनी नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत कुस्तीचे पत्ते खेळून मार खाल्लाय, त्यांना यातली दोन-तीन नावं तरी पाठ असतील.

त्या फेब्रुवारीत मी आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलो होतो. शनिवारची संध्याकाळ. आप्पांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि उरलेल्या डोळ्याने ते टीव्ही बघतायत. दहा मिनिटं शांत. मग पडद्यावर नेहमीचा प्रकार झाला: एकाने पंचाचं लक्ष दुसरीकडे वेधलं आणि मागून त्याच्या जोडीदाराने खुर्ची घातली. आप्पा जन्मभर मराठीचे शिक्षक, भाषा एकदम शुद्ध. पण कुस्ती आली की वाळवा तालुका जागा होतो. म्हणाले, "ह्यो पंच आंधळा हाय का रं?"

मी समजावलं की आप्पा, हे सगळं आधी ठरलेलं असतं. ते म्हणाले, "ते मलाबी कळतंय. नुरा कुस्ती मी बघितल्याली हाय." आणि गप्प बसले.

आता परीक्षणाकडे वळतो. गेल्या हिवाळ्यात जेवढे भाग हाती लागले तेवढे मी पुन्हा पाहिले. माझं मत असं की कार्यक्रम कारागिरीत कमी नव्हता. अबिससारखा माणूस त्या देहाने पाठीवर पडतो तेव्हा ते पडणं खरंच असतं; निकाल ठरलेला असला तरी पाठीचा कणा ठरलेला नसतो. परदेशी मंडळी अनुभवी होती, नवशिक्या भारतीय मुलांना सांभाळून खेळवत होती, आणि ज्याला हे गणित कळतं त्याला त्यातही मजा येते. आमच्या क्षेत्रात सीनियर माणूस नव्या मुलाचा कोड क्लायंटसमोर सावरून घेतो, तसंच काहीसं.

घोटाळा होता तो लिखाणात. खलनायकांच्या टोळीचं नाव ठेवलं होतं ‘आरडीएक्स’. हे कुणाला सुचलं असेल ते असो. १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली, तेव्हा मी सातवीत होतो आणि हा शब्द मी त्या आठवड्यातल्या पेपरात पहिल्यांदा वाचला. आपल्या पिढीला ही तीन-चार अक्षरं अजून कानाला टोचतात. रिंगणातल्या टोळीला ते नाव द्यायचं आणि त्यावर टाळ्या घ्यायच्या, यात मला दुष्टपणा दिसत नाही, पण शब्दाला वजन असतं हे ठाऊक नसल्याचं दिसतं. त्या टोळीत इंग्लंडचा ब्रूटस मॅग्नस, नावामागे ‘सर’ लावून. म्हणजे साहेब विरुद्ध देशी गडी. ‘लगान’ येऊन तेव्हा अकरा वर्षं होत होती.

त्याच टोळीत सोंजय दत्त. हा अमेरिकेत जन्मलेला, भारतीय आईबापांचा मुलगा, खरा तयारीचा खेळाडू. कथेत तो ‘आपला’ म्हणून येतो आणि मग परक्यांना जाऊन मिळतो. वेस्ट विंडसरमध्ये बसून हे बघताना मी जरा चुळबुळलो. आपल्याकडच्या कथांमध्ये बाहेरगावी गेलेला मुलगा एकतर श्रीमंत काका होतो नाहीतर फितूर. पण इथे निदान एक ताण तयार झाला होता. हा माणूस का फितूर झाला, त्याला इथे कोणी परका म्हणालं का, हे विचारण्याची संधी होती. लेखकांनी विचारलं नाही. दात विचकून हसायला लावलं आणि पुढच्या मारामारीकडे गेले. शेवटी पट्टा पंजाबच्या महाबली वीराकडे गेला, जो पुढे महाबली शेरा या नावाने टीएनएत दिसला. गडी रुबाबदार, पण त्याला बोलायला एकही लक्षात राहील असं वाक्य नाही.

आणि पुण्यातच चित्रीकरण करून पुण्याचं काय घेतलं? तालमींचं शहर हे. तांबडी माती, त्यात हळद, ताक, तेल. हलगीचा कडकडाट, शड्डू, पटकेवाले वस्ताद. चित्रपटातल्यासारखं सजवून घेतलं असतं तरी चाललं असतं. गदेऐवजी पट्टा, हलगीऐवजी फटाके. कोल्हापूरच्या खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी रोमचं रिंगण पाहून आल्यावर बांधून घेतलं, १९१२ मध्ये ते पुरं झालं; तेही परदेशी कल्पनेवरच उभं आहे, पण आत माती आपली आहे. आणि ठरवलेली कुस्ती आपल्याला नवी होती असंही नाही. मुंबईत दारासिंग आणि किंगकाँगच्या ‘फ्रीस्टाइल’ला लोकांची झुंबड उडायची. लोकांना खरं-खोटं कळत नव्हतं असं समजणं हा त्या लोकांचा अपमान आहे.

मला वाटतं मूळ मुद्दा इथेच आहे. आमच्या घरापासून ट्रेन्टन वीस मिनिटांवर. तिथे न्यू जर्सीच्या सिनेटपुढे १९८९ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने सांगून टाकलं की आमचा खेळ ही स्पर्धा नाही, प्रेक्षकांची करमणूक आहे. हेतू सरळ होता: क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर नको. इथे हा कबुलीजबाब म्हणजे धंद्याचा हिशोब ठरला, लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून गेले. आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला ‘नुरा’ म्हणतात आणि तो शब्द आपण पुढाऱ्यांना शिवी म्हणून वापरतो. बालेवाडीत या दोन समजुती एकमेकींसमोर उभ्या होत्या. त्यांची झुंज लावली असती तर सव्वीस भाग पुरले नसते.

कारण त्या शनिवारी रात्री जेवताना आप्पांनी सांगितलं. आम्हां भावंडांना लहानपणापासून माहीत होतं की आप्पांनी तालीम सोडली ती डी.एड.ला नंबर लागला म्हणून. खरं कारण वेगळं होतं. १९७० च्या सुमारास एका जत्रेत त्यांनी समोरच्या पोराशी आधीच बोलून ठेवलं होतं: वीस मिनिटं नुसती खडाखडी करायची, पंच सोडवतील, इनाम निम्मं-निम्मं. पन्नास रुपयांचं इनाम. वस्ताद गर्दीत मागे बसले होते आणि त्यांनी तिसऱ्या पकडीलाच ओळखलं. रात्री तालमीत ते ओरडले नाहीत, मारलं नाही. खुंटीवरचा लंगोट काढून आप्पांच्या हातात दिला. बस्स. आई चाळीस वर्षं संसार करून हे पहिल्यांदा ऐकत होती. तिने आमटीचा डाव तसाच हातात धरला होता.

हे एका पंचवीस रुपयांच्या कुस्तीत आहे. आरडीएक्सच्या सगळ्या खुर्च्यांमध्ये नाही.

खऱ्या कुस्तीचं सोनंच असतं असंही मी म्हणणार नाही. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला निकालावरून वाद होऊन पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली, आणि दोन पैलवानांवर तीन वर्षांची बंदी आली. माझा मुलगा इथे आठवीत आहे, शाळेच्या रेसलिंग टीममध्ये. त्याने ती क्लिप माझ्या फोनवर पाहिली आणि विचारलं, "बाबा, हे स्क्रिप्टेड आहे ना?" त्याला मी मग दुसरी कुस्ती दाखवली. जानेवारी २०२०, तेच बालेवाडी. महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांचे पठ्ठे. हर्षवर्धन जिंकला आणि हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर घेऊन फिरला. मुलाने ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. मग ‘रिंग का किंग’चा एक भागही पाहिला, आणि अबिस पडला तेव्हा "आउच" म्हणाला. दोन्ही त्याला आवडले, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्या रविवारी पुण्याला फोन लावला तेव्हा त्याने आजोबांना सरळच विचारलं, तुमच्या त्या मॅचमध्ये कोण जिंकलं? मी फोन काढून घेणार होतो. आप्पांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "सोडवली." पोराला शब्द कळला नाही. मी सांगितलं, ड्रॉ. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार होता: मग तुम्ही परत का नाही खेळलात? आप्पा हसले की खोकले ते कळलं नाही. मग त्यांनी त्याला फोन टेबलावर ठेवायला सांगून उभं राहायला लावलं, आणि पाय किती फाकवायचे ते सांगायला लागले.