‘असावे’, ‘पाहिजे’ आणि ‘येईल’: भूमिगत खाणींतील वाहनांच्या आगीविषयीचे नियमगद्य

कायद्याच्या गद्याकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही. वळलाच तर त्याच्या रुक्षतेविषयी तक्रार करून परततो. तथापि ज्या गद्यातील एका क्रियापदावर जमिनीखाली राबणाऱ्या माणसांचे प्राण अवलंबून असतात, त्याचे परीक्षण अर्थविचाराच्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या संघीय नियमसंहितेतील 30 व्या शीर्षकाखाली भूमिगत वाहनांच्या आगीविषयी दोन निरनिराळ्या ठिकाणी तरतुदी आढळतात. 75 व्या भागातील तरतुदी कोळशाच्या खाणींसाठी असून त्यांतील डिझेल-यंत्रांविषयीचे नियम 1996 साली प्रसिद्ध झाले. 57 व्या भागातील तरतूद धातूंच्या व इतर खनिजांच्या खाणींसाठी आहे. विषय एकच, परंतु वाक्यरचना भिन्न. आणि या भेदातच दोहोंचे गुणदोष सापडतात.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. खाणीतील वाहनात आगीची सर्व सामग्री एकत्र नांदते: तापलेली धूरनळी, दाबाखालचे हायड्रॉलिक तेल, डिझेल, विजेच्या तारा, रबरी टायर. तेलाची नळी फुटून फवारा तापलेल्या भागावर पडला की भडका उडण्यास क्षण पुरतो. भुयारात ज्वालेहून धूर अधिक घातक. कारण श्वासासाठी खेळविलेली हवाच कार्बन मोनॉक्साइड दूरच्या माणसांपर्यंत वाहून नेते. डिसेंबर 1984 मध्ये युटा राज्यातील विल्बर्ग खाणीत आग लागून 27 जण मृत्युमुखी पडले. तिचे मूळ वाहनात नव्हते. देखरेखीवाचून चालू राहिलेल्या एअर कॉम्प्रेसरमध्ये होते, असा सरकारी चौकशीचा निष्कर्ष होता. यंत्राजवळ माणूस नसेल तर आग विझविण्याच्या क्रियेचा कर्ता कोण, हा प्रश्न अशा प्रसंगी केवळ व्याकरणाचा राहत नाही.

कोळसा-खाणींच्या नियमांनी या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. जड कामाच्या डिझेल-यंत्रांवर आग विझविणारी स्वयंचलित यंत्रणा बसविणे त्यांत बंधनकारक आहे. ती सुरू होताच इंजिन आपोआप बंद झाले पाहिजे. ती आपोआप सुरू झाल्यास इंजिन बंद होणे व विझविणारे द्रव्य सुटणे यांस आग हेरल्यापासून फार तर 15 सेकंदांचा विलंब चालतो. हाताने सुरू करण्याच्या किमान दोन कळा, यंत्राच्या प्रत्येक बाजूस किमान एक, असा दंडक आहे. चालकाची कोठडी असल्यास त्यांपैकी एक त्याच्या हाताशी हवी. इंजिन बंद पडले, वीज गेली, तरी यंत्रणा कार्यक्षम राहिली पाहिजे. येथे नियमाच्या वाक्याचा कर्ता यंत्रणा आहे. काळ सेकंदांत आणि अंतर हाताच्या पोचेत मोजले आहे.

57 व्या भागातील तरतूद याच्या उलट अत्यंत संक्षिप्त. स्वतःच्या शक्तीवर चालणारे यंत्र भूमिगत वापरताना त्यावर अग्निशामक नळकांडे असले पाहिजे. त्याऐवजी हाताने सुरू करता येणारी यंत्रणा वापरता येईल, एवढाच तिचा आशय. दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या, आगीचा अंगभूत धोका नसलेल्या यंत्रांना तीतून सूट आहे. ‘असणे’ हे स्थितिवाचक क्रियापद आहे. नळकांडे वाहनावर आहे, एवढ्याने नियम पाळला जातो. ते कोणी, किती वेळात, कोठून वापरावयाचे, याविषयी या वाक्यात काहीच नाही. कर्ता अध्याहृत आहे, आणि तो अध्याहृत कर्ता म्हणजे जळत्या इंजिनाकडे चालत जाणारा चालक होय.

धातूचे खनिज जळत नाही, तेथे मिथेनचे भय कमी, म्हणून नियम सौम्य, असे समर्थन संभवते. ते अंशतःच मान्य करता येईल. कारण वाहन आपले इंधन आपल्याबरोबरच नेते, आणि डिझेलचा धूर खडक कोणता हे विचारीत नाही. उलटपक्षी कोळसा-नियमांचा दोषही नजरेआड करता येणार नाही. कोणत्या वाहनास कोणती यंत्रणा लागू, हे कळण्यास एका कलमातून दुसऱ्यात हिंडावे लागते. आणि 15 सेकंदांची सवलत कशासाठी, ते त्या कलमात सांगितलेले नाही. वाहन सुरक्षितपणे थांबविण्यास चालकास अवसर मिळावा, हा उद्देश वाचकास स्वतः ताडावा लागतो. संक्षिप्त नियम कामगारास मुखोद्गत होतो, विस्तृत नियम कपाटात राहतो. हा पेच दोन्हीपैकी एकाही मजकुराने सोडविलेला नाही.

मराठीच्या अभ्यासकास यातून घेण्याजोगा बोध आहे. भारतात खाणविषयक केंद्रीय नियम राजपत्रात हिंदी व इंग्रजीत प्रसिद्ध होतात. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ येथील भूमिगत खाणींत मात्र मराठी बोलणारे कामगार उतरतात. त्यांना नियम समजावून देताना ‘यंत्रणा बसवावी’ हे रूप सहज तोंडी येते. परंतु आपला विध्यर्थ आज्ञा, कर्तव्य, इच्छा व सल्ला यांपैकी काहीही सुचवू शकतो. इंग्रजी नियमातील बंधन आणि मुभा यांतील सीमारेषा तेथे पुसली जाते. म्हणून बंधनासाठी ‘बसविलीच पाहिजे’, मुभेसाठी ‘बसविता येईल’, असा भेद कटाक्षाने पाळावा; आणि नियमाच्या भाषांतरात ‘-आवे’ हे रूप वर्ज्य मानावे. त्याबरोबरच प्रत्येक वाक्यात कर्ता उघड ठेवावा. धूर भरलेल्या भुयारात अध्याहृत कर्ता शोधण्यास कोणासही सवड नसते.