परकीय गुंतवणूक आणि सरकीचं पाकीट: एका गाजलेल्या पेपरचं वाचन

परकीय थेट गुंतवणुकीमुळे यजमान देशात नवनिर्मिती वाढते का? या विषयावर प्रस्ताव लिहिताना बरेच जण एटकन आणि हॅरिसन यांचा १९९९ चा व्हेनेझुएलावरचा पेपर उद्धृत करतात. मीही केला होता, आणि तिथेच चुकलो.

पेपर दमदार आहे, यात वाद नाही. परकीय पैसा मुळात चांगल्या चालणाऱ्या उद्योगांतच जातो. म्हणून लेखकांनी एकाच वर्षाची तुलना न करता तेच कारखाने वर्षानुवर्षं पाहिले. परकीय भागीदारी मिळालेल्या लहान कारखान्यांची उत्पादकता वाढली, पण त्याच उद्योगातल्या देशी कारखान्यांची घटली. त्यांची बाजारपेठच आक्रसली, असं लेखकांचं स्पष्टीकरण आहे.

पण यात मोजली आहे ती उत्पादकता. नवनिर्मिती मोजलेलीच नाही. हा फरक मला आमच्या शहाद्यातल्या कृषी केंद्रात कळला.

जूनमध्ये तिथे बीटी सरकीची कितीतरी नावांची पाकिटं असतात. मोन्सॅन्टोने १९९८ मध्ये जालन्याच्या महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. २००२ मध्ये महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी मिळाली. पुढे नागपूरच्या अंकुरसारख्या देशी कंपन्यांनी परवाना घेऊन तेच जनुक आपल्या वाणांत आणलं.

आता मोजा. नवी वाणं मोजली तर नवनिर्मिती धो धो वाढली. नवी जनुकं मोजली तर? २००६ मध्ये जेके ॲग्रीचं, आयआयटी खरगपूरच्या संशोधनावरचं वाण मंजूर झालं खरं, पण बाजार बहुतांशी मोन्सॅन्टोच्याच जनुकांचा राहिला. म्हणजे पाकिटं शंभर, आत गोष्ट एकच. गुंतवणूक तीच, उत्तरं दोन.

शिवाय काळाचा प्रश्न आहेच. सुरुवातीची वर्षं घेतली तर बीटी यशस्वी दिसतं. २०१७ घेतलं तर गुलाबी बोंडअळी दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देत नव्हती, आणि महाराष्ट्रभर शेतकरी पुन्हा फवारणीकडे वळला होता. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, तो खर्च वेगळाच.

म्हणून प्रस्ताव लिहिताना आधी तीन ओळी लिहा: नवनिर्मिती म्हणजे काय मोजणार, कोणाची मोजणार, किती वर्षं मोजणार. त्या जमल्या नाहीत, तर पुढचं गणित कितीही भारी असो, गाईड पहिल्याच पानावर अडवतील. आणि त्यांचं बरोबरच असेल.