अभियांत्रिकी आरेखनाची बोली आणि लिपी

अभियांत्रिकी आरेखन ही अभियंत्यांची भाषा होय, हे विधान या विषयाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आरंभीच भेटते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक टॉमस फ्रेंच यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या आरेखनविषयक ग्रंथाची मांडणीच या कल्पनेवर केली होती. पुढे ती इतकी रूढ झाली की आपल्याकडील पुस्तकांनीही तिची वेगळी चिकित्सा करण्याची गरज मानली नाही. पहिल्या पानावर केलेले हे विधान दुसऱ्या पानापासून मात्र विसरले जाते आणि पेन्सिलीची जात, कागदाचा आकार व रेषांची जाडी यांचे विवेचन सुरू होते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ते इतक्या सहजपणे सोडून देता येत नाही. भाषा म्हटली की तिचे व्याकरण कोणते, बोली कोणती, लिपी कोणती आणि वाचणारा कोण, हे प्रश्न ओघानेच येतात. ते आरेखनास विचारले, तर ‘हाताने शिकवावे की संगणकाने’ या चालू वादाची मांडणीच सदोष असल्याचे दिसून येते. हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

या वादातील दोन्ही पक्ष सुपरिचित आहेत. एका पक्षाच्या मते ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर व सेट-स्क्वेअर यांच्या साहाय्याने तास न् तास रेषा ओढल्याखेरीज विद्यार्थ्याची दृष्टी तयार होत नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्या कचेऱ्यांतून बोर्ड केव्हाच नाहीसे झाले, त्यांसाठी तयार होणाऱ्या विद्यार्थ्यास बोर्डावर बसविणे हा कालापव्यय होय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली सुचविलेल्या आदर्श अभ्यासक्रमात पारंपरिक आरेखन व संगणकीय आरेखन एकाच विषयात शेजारीशेजारी बसविले आहेत. दोन्ही पक्षांचे समाधान करण्याचा हा मार्ग व्यवहार्य खरा. पण कोणते साधन कोणत्या शिक्षणासाठी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. हे दोन पक्ष ज्या एका गोष्टीविषयी फारसे बोलत नाहीत, ती म्हणजे उपकरणाशिवाय केलेले मुक्तहस्त रेखन. अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख असतो, पण परीक्षेत त्याला स्वतंत्र स्थान क्वचितच मिळते.

२

आरेखनास व्याकरण आहे, याविषयी शंका नको. आट्यांचे उदाहरण घ्यावे. बोल्टाच्या टोकाकडील दृश्यात बाहेरचे वर्तुळ जाड व पूर्ण काढतात आणि आतले बारीक व सुमारे पाऊण भागच काढतात. आटे पाडलेल्या भोकाच्या दृश्यात हेच उलट होते : आतले वर्तुळ जाड व पूर्ण, बाहेरचे बारीक व पाऊण. दोन आकृत्यांत दोनच वर्तुळे आहेत. त्यांपैकी कोणते जाड, एवढ्यावरून भरीव वस्तू आणि पोकळी यांचा भेद होतो. ‘पाट’ आणि ‘पात’ या शब्दांत एका ध्वनीच्या भेदाने अर्थ पालटतो, त्याच जातीचे हे युग्म आहे. येथे चित्राचे वस्तूशी साम्य संपते व संकेताचे राज्य सुरू होते.

या व्याकरणात अपवादही आहेत. ओतीव भागास बळकटी देणारी जी पातळ फासळी असते, जिला कारखान्यात रिब म्हणतात, तिच्यातून छेदपातळी लांबीच्या दिशेने गेली तरी तिच्यावर छेदरेषा काढावयाच्या नाहीत, असा संकेत आहे. भूमितीच्या दृष्टीने हे असत्य आहे. परंतु रेषा भरल्यास वाचणाऱ्यास तो सगळाच भाग भरीव वाटेल, म्हणून सत्य अर्थासाठी असत्य आकृती काढली जाते. बऱ्याच संगणकीय आज्ञावल्या वेगळे सांगितल्याशिवाय या फासळीसही निर्विकारपणे छेदरेषा भरून टाकतात. त्यांना भूमिती येते, परंतु रूढी ठाऊक नसते. ती चूक हेरण्यासाठी लागणारे ज्ञान आज्ञावलीचे नव्हे, आरेखनाच्या व्याकरणाचे आहे.

एका बाबतीत मात्र हे व्याकरण आपल्या भाषांच्या नेमके विरुद्ध जाते. ‘काळी गाय आली’ या वाक्यात स्त्रीलिंग विशेषणातही दिसते व क्रियापदातही. नैसर्गिक भाषा पुनरुक्तीवर जगतात. ऐकताना एखादा शब्द निसटला तरी अर्थ हाती लागतो. आरेखनात एक माप एकदाच द्यावे असा दंडक आहे, कारण तेच माप दोन ठिकाणी दिले आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी झाली, तर कारागिराने कोणते खरे मानावे? माप कोठून द्यावे यालाही अर्थ असतो. सलग चार लांब्या एकापुढे एक दिल्या व प्रत्येकीस ०.१ मिलिमीटर अधिक-उणे अशी मुभा ठेवली, तर एकूण लांबीत ०.४ मिलिमीटर अधिक-उणे फरक पडू शकतो. तीच मापे एका कडेपासून दिली, तर शेवटच्या टोकाची मुभा ०.१ एवढीच राहते. आकृती तीच, अंतिम लांबीही तीच. अर्थ मात्र निराळा.

आरेखनात श्लेषही संभवतो. समोरचे दृश्य चौरस व वरचे दृश्यही तेवढाच चौरस असे दिले, तर वस्तू घन असू शकेल, त्रिकोणी लोलक असू शकेल किंवा दंडगोलाचा चतुर्थांशही असू शकेल. बाजूचे दृश्य आल्यावरच निर्णय होतो. आणि ते दृश्य कोठे मांडावे याचेही दोन संप्रदाय आहेत. भारतीय मानक ब्यूरोच्या शाळा-महाविद्यालयांसाठीच्या एसपी ४६ या पुस्तिकेने प्रथम कोन पद्धत स्वीकारली आहे. तीत वरचे दृश्य समोरच्या दृश्याखाली येते. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत चालते. तीत ते वर येते. पद्धतीचे चिन्ह गाळलेला कागद डावा भाग उजवा म्हणून तयार करवू शकतो.

३

इतके व्याकरण असूनही आरेखन मराठीसारखी भाषा नव्हे, आणि अध्यापनाच्या दृष्टीने हा भेदच अधिक महत्त्वाचा आहे. पहिले असे की आरेखन कोणाचीही मातृभाषा नाही. मूल ते आईच्या तोंडून ऐकत नाही. अठराव्या शतकात गास्पार मोंज यांनी मेझियेर येथील सैनिकी विद्यालयात वर्णनात्मक भूमितीची पद्धत बसविली, तेव्हा ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ मधील व्याख्यानांनी व १७९९ च्या ग्रंथाने ती सर्वांस खुली झाली. म्हणजे आधुनिक रूपातील ही विद्या मुळात विद्यालयाच्या चार भिंतींत लिखित रूपाने जन्मास आली. प्रत्येक जण ती परभाषेप्रमाणे शिकतो, आणि परभाषेच्या अध्यापनात वाचन व आकलन यांना लेखनाच्या पुढे स्थान द्यावे लागते.

दुसरे असे की पूर्ण झालेल्या आरेखनास नकार देता येत नाही आणि प्रश्नही विचारता येत नाही. ‘येथे भोक नको’ हे रेषांनी सांगता येत नाही. भोक न काढणे एवढेच शक्य असते, आणि न काढणे म्हणजे विसरणे की नाकारणे, हे कागदावरून उमगत नाही. ‘ही भिंत जाड ठेवावी का?’ हा प्रश्नही स्वच्छ प्रतीत मांडता येत नाही. कच्च्या रेखनात मात्र हे सर्व शक्य असते. रेषा काढून तिच्यावर फुली मारली की तो नकार होतो. तिच्याजवळ प्रश्नचिन्ह ठेवले की शंका होते. तीच कड दोनदा निरनिराळ्या ठिकाणी काढली की विकल्प होतो. यूजीन फर्ग्युसन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभियंत्याच्या मनश्चक्षूविषयीच्या ग्रंथात कच्च्या रेखनाचे तीन प्रकार मानले आहेत : विचार करण्यासाठी काढलेले, आरेखकास सूचना देण्यासाठी काढलेले आणि दोघांच्या संभाषणात काढलेले. तिसरा प्रकार विशेष लक्षणीय आहे. त्यात एकाने काढलेल्या रेषेवर दुसरा आपली रेषा काढतो व अर्थ दोघांच्या मध्ये घडतो. याला बोलणे हेच नाव योग्य होय.

यावरून जे अनुमान निघते तेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे. मुक्तहस्त रेखन ही आरेखनाची बोली होय. बोर्डावरील आणि संगणकावरील आरेखन ही दोन्ही तिची लिखित रूपे होत. तेव्हा खरी विभागणी ‘हात’ आणि ‘संगणक’ अशी नसून ‘बोली’ आणि ‘लेखी प्रत’ अशी आहे. आणि त्या विभागणीत बोर्ड व संगणक एकाच बाजूस बसतात.

४

असे पाहिल्यास पहिल्या पक्षाची भूमिका बरीच सैल पडते. बोर्डावर सुबक अक्षरे व एकसारख्या रेषा काढण्याचा जो सराव होतो, तो बव्हंशी कित्त्याचा सराव आहे. शतकानुशतके मराठीचा दप्तरी व्यवहार मोडीत चालला व पुढे बालबोधीत आला. तेवढ्याने मराठीच्या विभक्ती पालटल्या नाहीत. मोडीचे वळण गेल्याचा खेद रास्त असेल, परंतु वळण गेले म्हणजे भाषा गेली असे म्हणता येणार नाही. रेषेची जाडी एकसारखी राखणे ही गोष्ट यंत्र अधिक चांगली करते, आणि ती यंत्राकडे सोपविण्यात काहीही गमावत नाही.

दुसऱ्या पक्षास मात्र हा दाखला जसाच्या तसा आपल्या बाजूने वापरता येणार नाही. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे डॉक्टरेटसाठी स्केचपॅड ही रचना सादर केली. तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेषा काढावयाच्या, आणि मग या दोन समांतर, या दोन काटकोनात, या दोन समान असे संबंध सांगावयाचे. यंत्र त्यानुसार आकृती नीट करीत असे. या क्षेत्राच्या आरंभीच रेषेहून संबंध श्रेष्ठ ठरले होते. कोणते संबंध सांगावयाचे हे माणसानेच ठरवावयाचे होते. आजच्या आज्ञावल्यांतही हे काम माणसाकडेच आहे. बदल झाला तो पुढच्या पायरीवर. पूर्वी विद्यार्थी दृश्ये काढी व त्यांवरून वस्तू मनात उभी करी. आता तो पडद्यावर त्रिमित वस्तू रचतो आणि दृश्ये आज्ञेसरशी बाहेर पडतात. व्यवसायात हा लाभ निर्विवाद आहे. परंतु वस्तूपासून दृश्यांकडे व दृश्यांपासून वस्तूकडे जाणे, हे भाषांतरच या विषयाचे शिक्षण होय. उतारा व त्याचा अर्थ शेजारीशेजारी छापलेल्या मार्गदर्शिकेतून संस्कृत शिकणाऱ्यास अर्थ मिळतो, अन्वय लावता येत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याची नेमकी तीच स्थिती होते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आता मापे व मुभा त्रिमित प्रतिकृतीवरच नोंदविता येतात. अमेरिकेत त्यासाठी वाय १४.४१ हे मानक २००३ सालीच प्रसिद्ध झाले. यंत्र थेट प्रतिकृती वाचून धातू कापणार असेल, तर द्विमित दृश्ये वाचण्याची विद्या कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे, आणि काही व्यवसायांत स्वच्छ प्रतीचे महत्त्व उत्तरोत्तर घटेल हेही मान्य करावे. परंतु त्याने बोलीचे महत्त्व घटत नाही, उलट वाढते. प्रतिकृती रचण्यापूर्वी काय रचावयाचे हे ठरवावे लागते. ती रचल्यावर हा भाग लेथवर एका पकडीत होईल का, हत्यार त्या कोपऱ्यापर्यंत पोचेल का, हे टर्नरशी बोलून घ्यावे लागते. ते संभाषण आजही कागदाच्या तुकड्यावर होते.

५

शेवटी वाचकाचा प्रश्न. कारखान्यात आरेखनाचा वाचक तो भाग तयार करणारा फिटर किंवा टर्नर असतो, आणि कागदाखेरीज त्याच्यापुढे काही नसते. परीक्षेत एकमेव वाचक परीक्षक असतो व त्यास उत्तर आधीच ठाऊक असते. ठाऊक असलेले वाचणे म्हणजे वाचन नव्हे. त्यामुळे अस्पष्ट, द्व्यर्थी किंवा निरर्थक आरेखनही सुबकपणाच्या बळावर उत्तीर्ण होते. बोर्डाच्या काळी हे होत असे. संगणकाच्या काळी ते अधिक सोपे झाले आहे, कारण सुबकपणा आता सर्वांस सारखाच उपलब्ध आहे.

यावरून अध्यापनाविषयी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, पहिल्या सत्रातील बराच वेळ मुक्तहस्त रेखनास द्यावा. त्यात प्रमाणबद्धता, दृश्यांची मांडणी व संकेत तपासावेत, रेषेचा डौल नव्हे. दुसरी, वाचनाची स्वतंत्र परीक्षा असावी : दोन दृश्ये देऊन तिसरे काढावयास सांगावे, किंवा एका विद्यार्थ्याने काढलेल्या आकृतीवरून दुसऱ्याने माती किंवा साबण कोरून वस्तू तयार करावी व ती मूळ वस्तूशी ताडून पाहावी. तिसरी, संगणक या दोहोंनंतर यावा, आणि त्याने दिलेल्या दृश्यांत संकेताच्या चुका शोधणे हा त्या भागाचा पहिला पाठ असावा.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली, तेव्हापासून या विषयाच्या मराठी परिभाषेची चर्चा होत आहे. ती व्हावयासच हवी. ‘प्रोजेक्शन’ला प्रक्षेप म्हणावे की आणखी काही, याचा निर्णय यथावकाश होईल. परंतु मराठी माध्यमातील विद्यार्थ्यास येथे एक अनुकूलताही आहे : आरेखनाची भाषा इंग्रजी माध्यमातील विद्यार्थ्यासही तितकीच परकी आहे. दोघेही तीत एकाच ठिकाणाहून आरंभ करतात. तो आरंभ बोलण्यापासून आणि वाचण्यापासून व्हावा, स्वच्छ प्रत लिहिण्यापासून नव्हे.