मुक्त-स्रोत वैद्यकीय प्रतिमा-प्रणाली आणि नवागत विकासक : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
जिची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते ती मुक्त-स्रोत प्रणाली, अशी व्याख्या सर्वसाधारणपणे केली जाते. परंतु वाचावयास मिळणे आणि वाचून कळणे यांत अंतर असते. ‘थ्रीडी स्लायसर’ या प्रणालीत विकासक म्हणून प्रवेश करू पाहणाऱ्या नवागताच्या दृष्टीने या अंतराचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
विल श्रोडर, केन मार्टिन व बिल लॉरेन्सन यांनी १९९३ मध्ये ‘व्हीटीके’ ही प्रणाली स्वतःच्या पाठ्यपुस्तकास जोड म्हणून सुरू केली. १९९८ मध्ये बोस्टनचे ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून, एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने, स्लायसरचा जन्म झाला. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पुढाकाराने ‘आयटीके’चे काम सुरू झाले. स्लायसर आज व्हीटीके व आयटीके या दोहोंवर उभी आहे. म्हणजेच या परंपरेच्या मुळाशी एक पाठ्यपुस्तक आणि एक प्रबंध आहे, हे अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

विवेचन :
स्लायसरमध्ये शिरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला पायथन भाषेचा. ‘एक्स्टेन्शन विझार्ड’ हे साधन नव्या घटकाचा सांगाडा तयार करून देते व केलेला बदल संपूर्ण प्रणाली पुन्हा न बांधता तपासता येतो. हा मार्ग निःसंशय उदार आहे. दुसरा मार्ग प्रणालीच्या गाभ्याकडे जातो. तेथे सी++, क्यूटी व सीमेक यांचे ज्ञान लागते. व्हीटीके, आयटीके आदी आधारभूत प्रणाली उतरवून बांधाव्या लागतात आणि साधारण संगणकावर त्यात काही तास जातात.

तथापि खरी अडचण वेळेची नसून संकल्पनेची आहे. स्लायसरच्या निर्देशक-पद्धतीत उजवी, पुढची व वरची दिशा धन मानली जाते. डायकॉम मानक व आयटीके यांत डावी, मागची व वरची. एका पद्धतीतील बिंदू दुसरीत नेताना पहिल्या दोन अक्षांची चिन्हे बदलावी लागतात. पहिल्या अक्षाचे चिन्ह बदलावयाचे राहिले, तर मेंदूच्या उजव्या भागातील गाठ डावीकडे दर्शविली जाईल. संगणक कोणतीही त्रुटी दाखविणार नाही. मेंदूच्या दोन्ही बाजू बऱ्याचशा सारख्या असल्याने डोळ्यालाही ती चूक खटकेलच असे नाही.

या विषयाचे स्वतंत्र विवेचन स्लायसरच्या दस्तऐवजांत आहे. परंतु ते वापरकर्त्यांच्या मार्गदर्शिकेत, तर बांधणीच्या सूचना विकासकांच्या मार्गदर्शिकेत. नवागत दुसरीच उघडतो. प्रणाली कशी बांधावी हे त्याला आधी कळते. ती काय मोजते हे मागाहून.

यावर असा आक्षेप घेता येईल की, स्वयंचलित चाचण्या अशा चुका पकडतात. शिवाय स्लायसर संशोधनासाठी असून रुग्णोपचारासाठी मान्यताप्राप्त नाही. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. परंतु चाचणी केवळ विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि कोणता प्रश्न विचारावा हे संकल्पना समजल्याखेरीज सुचत नाही. संशोधनातील चुकीचे मोजमापही पुढे निष्कर्ष होऊन वावरते.

निष्कर्ष :
१. नवागताने आरंभ बांधणीने न करता एका डायकॉम प्रतिमामालिकेने करावा; एकाच बिंदूचे निर्देशक दोन्ही पद्धतींत हाताने मांडून पाहावेत.
२. त्यानंतर पायथनमधील लहान घटक, मग चाचणीसह एखादी किरकोळ दुरुस्ती, आणि शेवटी गाभा, असा क्रम ठेवावा.
३. आपल्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्र विभागांना हा क्रम प्रकल्प म्हणून राबविता येईल. त्यासाठी परवान्याचे शुल्क पडत नाही.

परवान्याने दार उघडते. आत कोठे पाय ठेवावा हे शिकवावे लागते. पाठ्यपुस्तक व प्रबंध यांतून जन्मलेल्या परंपरेकडून ही अपेक्षा करणे गैर ठरू नये.