ओरीकचें शपथपत्र आणि पोर्तुगालचे आद्य राजे : एक परीक्षण

कोणत्याही राजघराण्याच्या मूळ पुरुषांचा इतिहास तपासूं लागलें म्हणजे दोन प्रकारचीं साधनें हातीं येतात. एक, त्या पुरुषांच्या हयातींत अगर त्यानंतर लवकरच निर्माण झालेलीं. आणि दुसरीं, त्यांच्या वंशजांना किंवा वंशजांच्या कैवाऱ्यांना गरज पडली तेव्हां निर्माण झालेलीं. पहिलीं बहुधा त्रोटक व रूक्ष असतात. दुसरीं भरघोस, सुसंगत व मनोरम असतात. जुने कागद जमविणाराचें मन साहजिकच दुसऱ्यांकडे ओढ घेतें आणि फसगत होते ती तेथेंच. पोर्तुगालच्या बर्गंडी घराण्यांतील पहिल्या राजांसंबंधीं जे कागद प्रसिद्ध आहेत त्यांत या दोन्ही प्रकारांचे नमुने इतके शेजारीं शेजारीं सांपडतात कीं, लेखपरीक्षेचा अभ्यास करणारास याहून चांगला पाठ क्वचितच मिळेल. आपल्याकडील वाचकांस हा विषय अगदींच परका आहे असेंही नाहीं. गोव्यांत व कोंकणपट्टीच्या जुन्या फिरंगी किल्ल्यांवर पोर्तुगालचें जें राजचिन्ह कोरलेलें आढळतें, त्यांतील पांच लहान ढालींची उपपत्ति याच कागदांपैकीं एकांत सांगितलेली आहे.

प्रथम निर्विवाद हकीकत देतों. लेओनचा राजा सहावा आल्फोंसो यानें आपली अनौरस कन्या तेरेझा ही बर्गंडीच्या एन्रिक नांवाच्या सरदारास दिली व अकराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालचा प्रांत त्याच्या हवालीं केला. हा एन्रिक फ्रान्सच्या काप घराण्यांतील दुसऱ्या रोबेर राजाचा पणतू. तो इ. स. १११२ त वारला व कारभार तेरेझेच्या हातीं आला. पुढें मुलगा आफोंसो एन्रिक यानें ता. २४ जून ११२८ रोजीं गिमराइंशजवळ साव मामेद येथें आईच्या पक्षाचा पराभव करून सत्ता घेतली. ता. २५ जुलै ११३९ रोजीं ओरीक येथें त्यानें मुसलमानांच्या सैन्यावर जय मिळविला, आणि ११४० पासूनच्या त्याच्या लेखांत ‘राजा’ ही पदवी दिसूं लागते. ११४३ त झामोरा येथें लेओनच्या सातव्या आल्फोंसोशीं समेट झाला. ११४७ त उत्तरेकडून आलेल्या क्रुसेडी योद्ध्यांच्या साहाय्यानें त्यानें लिस्बन घेतलें. ११७९ त पोप तिसऱ्या अलेक्झांडरनें त्यास राजा म्हणून मान्यता दिली व ११८५ त तो मरण पावला. त्याच्यामागें सांशो पहिला, आफोंसो दुसरा, सांशो दुसरा, आफोंसो तिसरा असे राजे क्रमानें झाले.

आतां वादग्रस्त कागदाकडे वळूं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आल्कोबासा येथील सिस्टर्सियन मठांत आफोंसो एन्रिकचें एक लॅटिन शपथपत्र सांपडल्याचें जाहीर झालें आणि त्याच पंथाचा इतिहासकार बेर्नार्दो द ब्रितो यानें इ. स. १६०२ त तें छापून काढलें. त्यावर काळ ११५२ चा आहे. राजा शपथेवर सांगतो कीं, ओरीकच्या लढाईपूर्वीं एका वृद्ध तपस्व्यानें आपणांस सूचना दिली. त्याप्रमाणें रात्रीं छावणीबाहेर गेलों असतां क्रुसावरील ख्रिस्ताचें प्रत्यक्ष दर्शन घडलें. ख्रिस्तानें तुझ्या ठायीं व तुझ्या वंशाच्या ठायीं मी आपलें साम्राज्य स्थापितों, त्या योगें माझें नांव परदेशच्या लोकांपर्यंत पोंचेल असें वचन दिलें. सोळाव्या पिढींत वंश क्षीण होईल, तथापि त्या क्षीण वंशाकडेही मी कृपादृष्टीनें पाहीन असें आश्वासन दिलें. आणि आपल्या पांच जखमा व आपणास विकून घेतलेलीं तीस नाणीं हें राजचिन्ह धारण करण्याची आज्ञा केली.

या लेखाची पहिली कसोटी समकालीनांच्या मौनाची. मौन हें नेहमींच प्रमाण होत नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानतांना ‘योग्य’ हें विशेषण मुद्दाम जोडलें आहे. वस्तु असती तर जेथें दिसलीच असती तेथें ती न दिसणें, एवढेंच अभावाचें प्रमाण होय. अंधाऱ्या कोठडींत घट दिसला नाहीं एवढ्यावरून घट नाहीं असें ठरत नाहीं. तर मग येथें प्रकाश होता काय? होता. राजाच्या मृत्यूच्या सुमारास रचलेल्या लॅटिन वर्षवृत्तांत ओरीकच्या लढाईचें सविस्तर वर्णन आहे. स्पेन-पोर्तुगालांत त्या काळीं इसवी सनाच्या ३८ वर्षें पुढें चालणारी एक स्वतंत्र कालगणना रूढ होती आणि ती पोर्तुगालांत इ. स. १४२२ पर्यंत टिकली. तीप्रमाणें ही लढाई ११७७ या वर्षीं पडते. शत्रुराजाचें एज्मार हें नांवही वृत्तांत दिलेलें आहे. परंतु दर्शनाचा त्यांत शब्द नाहीं. याहूनही बळकट पुरावा खुद्द राजाच्या पत्रव्यवहाराचा. डिसेंबर ११४३ मध्यें त्यानें पोपला पत्र पाठवून आपला मुलूख सेंट पीटरच्या चरणीं अर्पण केला व सालीना चार औंस सोनें देण्याचें पत्करलें. त्यास ११४४ त जें उत्तर आलें त्यांत पोपनें त्यास राजा न म्हणतां ड्यूक म्हटलें आहे. राजपदाची मान्यता मिळण्यास पुढें ३५ वर्षें लागलीं आणि त्या वेळीं वार्षिक खंडणी चौपट होऊन दोन मार्क सोन्यावर गेली. प्रत्यक्ष ख्रिस्तानें राज्य दिल्याची गोष्ट ज्याच्यापाशीं होती, त्यानें ती ख्रिस्ताच्या पृथ्वीवरील प्रतिनिधीपासून लपवून ठेवून सोनें मोजीत बसावें, हें संभवत नाहीं. ती सांगण्याचें याहून योग्य स्थळ दुसरें नव्हतें.

दुसरी कसोटी भविष्यकथनाची. पुराणांचा अभ्यास करणारांस ही रीत परिचित आहे. पुराणें कलियुगांतील राजांच्या वंशावळी भविष्यकाळीं सांगतात. त्या नांवनिशीवार जेथें थांबतात, त्याच्या आसपास तो भाग रचला गेला असें आपण समजतों. तोच न्याय येथें लावावा. परदेशच्या लोकांपर्यंत नांव नेण्याची भाषा वास्को द गामाच्या १४९८ तील सफरीनंतर कोणालाही सुचण्यासारखी आहे. बाराव्या शतकांत तेजो नदीच्या दक्षिणेस पाय रोवण्याची ज्यांना भ्रांत, त्यांना ती सुचणें कठीण. सोळाव्या पिढीचें क्षीण होणें तर अधिकच बोलकें आहे. इ. स. १५७८ त राजा सेबास्तियन मोरोक्कोंतील युद्धांत निपुत्रिक पडला आणि १५८० त स्पेनचा दुसरा फिलिप पोर्तुगालच्या गादीवर आला. हें जो जाणतो त्यास भविष्याची शाई केव्हां वाळली हें निराळें सांगावयास नको.

तिसरी कसोटी चिन्हाची, आणि जुन्या मोहोरा व शिक्के संग्रहीं ठेवणारांनीं ती विशेष लक्षांत घ्यावी. तीस नाण्यांचा हिशेब जुळविण्यासाठीं पांच ढाली, प्रत्येकींत पांच ठिपके, व मधली ढाल दोनदां मोजावयाची, अशी युक्ति पुढील ग्रंथकार सांगतात. कामोंइशच्या १५७२ तील महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गांतही ती आली आहे. परंतु पहिल्या राजांच्या मोहोरांवर ठिपक्यांची संख्या निश्चित नाहीं. ती कमीजास्त आढळते. पांच ही संख्या पुष्कळ मागाहून स्थिर झाली. बाजूच्या दोन ढालींचीं टोंकें आंत वळलेलीं असत. तीं सरळ खालीं करण्याची सुधारणा दुसऱ्या जुआंवनें १४८५ त केली. संख्येंतच ज्याचा अर्थ सांठविलेला, तें चिन्ह देवाज्ञेनें मिळालें असतें तर राजाच्या मुलानातवांनीं तीच संख्या सैल सोडली नसती. अर्थात् चिन्ह आधीं व कथा मागाहून, असा येथें क्रम आहे.

या शपथपत्राचा जोडीदार म्हणजे लामेगो येथील सभेचा ठराव. आल्कोबासाच्याच मठांतील विद्वान् आंतोनियो ब्रांदांव यानें तो १६३२ त प्रसिद्ध केला. त्यावर काळ ११४३ चा घातला आहे. राजाला पुत्र नसल्यास कन्येस राज्य मिळावें, मात्र तिनें पोर्तुगीझ सरदारासच वरावें, परकीयास वरल्यास तिचा हक्क नष्ट व्हावा, असा वारसाहक्काचा कायदा त्यांत आहे. येथेंही योग्यानुपलब्धीचाच प्रश्न विचारावा. फेर्नांदो राजा १३८३ त वारल्यावर त्याची एकुलती कन्या बेआत्रिझ ही कास्तीलच्या राजाची राणी होती आणि सगळा तंटा यावरूनच पेटला. १३८५ त कोइंब्रा येथें सभा भरली तेव्हां कायदेपंडित जुआंव दास रेग्रास यानें पहिल्या जुआंवच्या वतीनें नाना तऱ्हेचे युक्तिवाद केले. लामेगोचा कायदा असता तर त्यास एका वाक्यांत खटला जिंकतां आला असता. पण त्याचें नांव कोणींच काढलें नाहीं. १५८० च्या वारसाच्या वादांतही तें कोणीं काढलें नाहीं. त्या वेळीं फिलिपचा हक्क त्याच्या आईकडून, म्हणजे परकीयास दिलेल्या राजकन्येकडून आलेला होता, आणि प्रतिपक्षांतील काटारीना ही पोर्तुगालच्याच ब्रागांसा घराण्यांत दिलेली होती. लामेगोच्या कायद्यानें एकाच घावांत फिलिप बाद होतो व काटारीनेचा वंश खरा ठरतो. १६४० त तिचाच नातू चौथा जुआंव म्हणून गादीवर आला आणि पुढल्या वर्षींच्या सभेनें या ठरावाचा आधार घेतला. १८२८ त ब्राझीलचा बादशहा झालेल्या पेद्रोविरुद्ध मिगेलच्या पक्षानें तो पुन्हां बाहेर काढला.

जैमिनीच्या पूर्वमीमांसेंत स्मृतिप्रामाण्याचा विचार चालला असतां ‘हेतुदर्शन’ हा एक निकष सांगितला आहे. ज्या वचनाच्या मुळाशीं लोभादि लौकिक हेतु उघड दिसतो, तें वचन धर्माचें मूळ म्हणून मानूं नये असा त्याचा भाव. लेखपरीक्षेंत हाच निकष थोड्या सावधगिरीनें वापरावा लागतो. हेतु दिसला म्हणून लेख खोटा ठरत नाहीं. खऱ्या सनदाही कोणाच्या तरी लाभासाठींच लिहिलेल्या असतात. परंतु हेतु एका शतकाचा व तारीख दुसऱ्या शतकाची असें जेथें दिसेल तेथें लेख हेतूच्या शतकांत नेऊन ठेवावा. ओरीक व लामेगो हे दोन्ही कागद या न्यायानें स्पॅनिश अमलाच्या साठ वर्षांच्या छायेंत जाऊन पडतात.

हें सर्व पोर्तुगीझांनीं स्वतःच शोधून काढलें, हें त्यांस भूषणावह आहे. आलेशांद्रे एर्कुलानो यानें १८४६ त आपल्या पोर्तुगालच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला व त्यांत ओरीकच्या चमत्कारास थारा दिला नाहीं. त्यावर धर्मोपदेशकांनीं काहूर उठविलें, व्याख्यानपीठांवरून त्याचा निषेध झाला, आणि १८५० त त्यास प्रत्युत्तरादाखल पत्रकें काढावीं लागलीं. देशाचा शत्रु, धर्माचा शत्रु हे शब्द कागद तपासणारास कोणत्याही देशांत चुकत नाहींत. एर्कुलानोनें त्यांस उत्तर दिलें तें मूळ साधनें छापून. १८५६ पासून लिस्बनच्या विद्वत्परिषदेतर्फे निघालेली पोर्तुगालच्या मध्ययुगीन लेखांची थोर मालिका त्याच्याच संपादनाखालीं सुरू झाली.

तथापि एर्कुलानोचा सर्वच निर्णय ग्राह्य धरतां येत नाहीं. चमत्कार झुगारतांना त्यानें लढाईचेंही महत्त्व फार कमी केलें व तिला सामान्य स्वारीच्या पंक्तीस बसविलें. राजपदवी ओरीकनंतर लगेच लेखांत दिसूं लागते आणि समकालीन वृत्तकार त्या लढाईस मानाचें स्थान देतो, हीं दोन प्रमाणें कायम आहेत. विसाव्या शतकांत लिंदले सिंत्रा यांनीं १५ व्या शतकापर्यंत ही कथा थराथरानें कशी वाढत गेली हें दाखविलें, आणि त्यानंतर जोझे मातोझो यांनीं आफोंसो एन्रिकच्या चरित्रांत लढाईस पुन्हां तिचें वजन दिलें. खोट्या लेखानें ज्या घटनेचा आश्रय घेतला ती घटनाही खोटी मानणें ही परीक्षणाची अतिव्याप्ति होय.

या भारदस्त बनावटीशेजारीं एक अस्सल कागद ठेवून पाहण्यासारखा आहे. दुसरा आफोंसो प्रकृतीनें दुर्बळ होता. ता. २७ जून १२१४ रोजीं त्यानें आपलें मृत्युपत्र लॅटिन सोडून देशभाषेंत लिहविलें. पोर्तुगीझ भाषेंतील अत्यंत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याच्या तेरा प्रती करून ब्रागा, सांतियागो, तोलेदो येथील आर्चबिशप, इतर बिशप, मठाधिपति वगैरेंकडे वांटल्या व एक स्वतःपाशीं ठेवली. पैकीं आज दोनच उरल्या आहेत, एक लिस्बनच्या सरकारी दप्तरांत व एक तोलेदोस. दोहोंत लेखनभेद पुष्कळ आहेत. त्यांत चमत्कार नाहीं, भविष्य नाहीं. मुलें लहान असतां आपण मेलों तर राज्य कोणीं राखावें आणि पैशाची वांटणी कशी व्हावी, एवढीच विवंचना आहे. तेरा प्रती काढणाऱ्या राजाला एकाच प्रतीवर विसंबणें धोक्याचें वाटत होतें. वंशाला दैवी वचन मिळालेलें आहे असें समजणारा हा मनुष्य दिसत नाहीं.

आतां आपल्यापुरतें तात्पर्य. मराठ्यांच्या इतिहासाचीं मोलाचीं साधनें गोवा व लिस्बन येथील दप्तरांत आहेत आणि पांडुरंग पिसुर्लेंकर यांच्यासारख्या संशोधकांनीं तीं उजेडांत आणलीं आहेत. तीं वापरतांना त्या देशानें स्वतःच्या कागदांस लावलेली कसोटीही आपण उचलावी. फ्लीट यांनीं १९०१ त बनावट ताम्रपटांची लांबलचक यादी दिली होती, आणि इनाम कमिशनपुढें हक्क शाबीत करण्याची पाळी आली तेव्हां सनदांची पारख हा हजारों घरांच्या जीवनमरणाचा प्रश्न झाला होता, हें आपण विसरलेलों नाहीं. घराण्याच्या मूळ पुरुषास देवानें दिलेल्या वरदानाचा कागद ज्याच्या संग्रहीं असेल त्यानें तो जाळूं नये, आणि पूजेंतही ठेवूं नये. त्याचा कागद, शाई, अक्षरवळण व कालगणना पाहून तो कोणत्या शतकाचा हें ठरवावें आणि त्या शतकाच्या दप्तरांत तो ठेवावा. ओरीकचें शपथपत्र आफोंसो एन्रिकबद्दल कांहींच सांगत नाहीं. पण परकी अमलाखालीं सांपडलेल्या राष्ट्रानें आपल्या पहिल्या राजाकडून काय वदवून घेतलें, याचा तो अस्सल पुरावा आहे. ज्याचा साक्षीदार त्याच्याच खटल्यांत त्यास उभा करावा, इतकेंच संशोधकानें पाळावयाचें आहे.